सांधेदुखी आणि बोलके यंत्र



कामगार संघटनेचा माणूस बोलावयास उभा राहिला की आता बोनस, महागाई भत्ता आणि मालकांचा उद्धार ऐकावा लागणार, अशी श्रोत्यांच्या मनाची तयारी असते. चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही ‘सांधेदुखी’ असे सांगितले. त्यांना प्रथम ती थट्टा वाटली. पण गेली कित्येक वर्षे खोपोली, नागोठणे, रोहे या पट्ट्यातील कारखान्यांच्या फाटकाशी उभे राहून आम्ही जी गाऱ्हाणी ऐकली, त्यांत पगाराच्या खालोखाल गाऱ्हाणे कोणते असेल तर ते कंबरेचे, गुडघ्याचे आणि बोटांचे. पगाराचे गाऱ्हाणे कोठे न्यावयाचे हे कामगारास ठाऊक असते. बोटांचे गाऱ्हाणे घेऊन तो उन्हेऱ्यास जातो.

उन्हेऱ्याची ऊन पाण्याची कुंडे पालीकरांना नवी नाहीत. बल्लाळेश्वराच्या दर्शनास आलेला यात्रेकरूही वाट वाकडी करून तेथे जाऊन येतो. उष्ण पाण्यात बसले की आखडलेले अंग मोकळे होते, हा अनुभव खोटा नाही. शेकाने स्नायू सैलावतात आणि दुखणे काही वेळ मागे हटते. डॉक्टरही शेक घ्या म्हणतात. परंतु दुखणे मागे हटणे निराळे आणि रोग थांबणे निराळे. हा फरक आम्हांस स्वतःस समजावयास पन्नाशी उलटावी लागली, म्हणून आज तो येथे सांगावयास उभे आहोत.

संधिवात हा एकच शब्द आपण पाचपन्नास दुखण्यांना लावतो. त्यांपैकी दोनच आज पाहू. एक झिजेचा. वय झाले, वजन वाढले, आयुष्यभर ओझी उचलली, की गुडघ्यातील कूर्चा झिजते. हा रुग्ण सकाळी उठतो तेव्हा गुडघा आखडलेला असतो, पण पाच-दहा मिनिटे, फार तर अर्धा तास हिंडला की तो सुटतो. संध्याकाळी श्रमाने पुन्हा दुखतो. दुसरा दाहाचा, ज्याला इंग्रजीत ऱ्हुमॅटॉइड म्हणतात. येथे शरीराची राखणदारी करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. चौकीदारानेच घर फोडावे तसा हा प्रकार आहे. हाताची लहान बोटे, मनगटे, पायाची बोटे दोन्ही बाजूंना सारखी सुजतात आणि सकाळचा ताठरपणा तास-तासभर जात नाही. भाकरीचा गोळा मळता येत नाही, ब्लाउजचे बटण लागत नाही. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन-तीन पटींनी अधिक आढळतो. आणि यातील खरी गोष्ट ही की पहिल्या काही महिन्यांतच योग्य औषध चालू झाले तर सांधे वाचतात. ती वेळ गेली की वाकडे झालेले बोट पुन्हा सरळ होत नाही. झिजेच्या रुग्णाने कुंडावर दोन महिने घालवले तर फारसे बिघडत नाही. दाहाच्या रुग्णाने घालवले तर त्याचा हात जातो.

हे दुखणे शहरातील बैठ्या लोकांचे, खेड्यात कष्टाच्या माणसाला ते होत नाही, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाखाली घरोघर पाहणी केली. गावातीलच स्वयंसेवक शिकवून तयार केले, मराठीत प्रश्नावली केली आणि माणसाच्या चित्रावर ‘कोठे दुखते ते दाखवा’ असे विचारले. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी १८ टक्क्यांना सांध्या-स्नायूंचे काही ना काही दुखणे निघाले. दाहाचा संधिवात साधारण दोनशेंत एकाला. चिकुनगुनियाने २००६ साली महाराष्ट्रभर माणसे आडवी पाडली, तेव्हा ताप गेला तरी कित्येकांचे सांधे महिनोन् महिने धरलेलेच राहिले. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक सुजलेल्या बोटाचा दोष त्या डासावर टाकण्याची सोय झाली आहे, आणि खरा रोग त्या नावाखाली लपून बसतो.

आता एक हकीकत सांगतो. आमच्या एका सभासदाची पत्नी. नाव सांगत नाही. आम्ही तिला वहिनी म्हणतो. तिची बोटे सुजली. आधी उन्हेरे झाले, मग कोणी दिलेली पुडी झाली. पुडीने आठ दिवसांत असा आराम पडला की ती चकित झाली. असल्या काही पुड्यांत न सांगता स्टेरॉइड घातलेले असते, हे आम्हांस मागाहून कळले. पुडी संपताच दुखणे दुपटीने आले. अखेर नवऱ्याने खाडा करून तिला शहरातील एका मोठ्या इस्पितळात नेले. तेथे निदान बरोबर झाले आणि औषधही बरोबर मिळाले. मेथोट्रेक्सेट नावाची लहानशी गोळी. हे औषध या रोगावरचे मुख्य औषध असून ते महागही नाही. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चिठ्ठीवर इंग्रजीत तसे लिहिलेले होते. वहिनीने रक्तदाबाची गोळी घ्यावी तशी ती रोज घेतली. नवव्या दिवशी तोंड आतून सोलून निघाले, पाणी गिळवेना, रक्तातील पांढऱ्या पेशी धोक्याच्या खाली गेल्या. ती वाचली, हे तिचे नशीब. भेटावयास गेलो तेव्हा ती म्हणाली, “भावजी, डॉक्टरांनी गोळी सांगितली. वार कुठं सांगितला?”

हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. डॉक्टरचा दोष काढावा तर बाहेर दीडशे माणसांची रांग होती. २०१७ साली ६७ देशांतील तपासणीच्या वेळेचा एक आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णास सरासरी बावीस मिनिटे देतो, बांगलादेशात ४८ सेकंद. आपला देश दोन मिनिटांच्या आसपास होता. दोन मिनिटांत रोगाचे नाव सांगावयाचे, गोळी सांगावयाची, रक्त केव्हा तपासावे, गरोदरपणी ही गोळी का चालत नाही, ताप आला तर काय करावे, सूज उतरली तरी गोळी का सोडू नये, हे सगळे सांगावयाचे? आणि ऐकणारी बाई घाबरलेली, नवऱ्याचे लक्ष शेवटच्या एस. टी. कडे. पहिला प्रश्न डॉक्टर विचारतो. दुसरा प्रश्न रुग्णाच्या मनात येतो तो वाकण फाट्यावर, गाडीची वाट पाहताना. तिसरा रात्री दोन वाजता. जुनाट रोगाचे हेच लक्षण आहे की त्याचे प्रश्न दवाखान्यात उद्भवत नाहीत, घरी उद्भवतात; आणि रोग जन्माचा, म्हणून प्रश्नही जन्माचे.

येथे ते बोलके यंत्र येते. इंग्रजीत त्याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात, वर्तमानपत्रे ‘आभासी सहायक’ म्हणतात आणि आमच्या वस्तीतल्या बायका ‘फोनातली बाई’ म्हणतात. तिसरे नाव आम्हांस सर्वांत बरे वाटते. फोनमध्ये बोलून किंवा लिहून प्रश्न विचारावा आणि तिने उत्तर द्यावे, इतकेच.

ही बाई काल जन्मलेली नाही. अमेरिकेत जोसेफ वायझेनबाऊम या शास्त्रज्ञाने १९६६ साली ‘एलिझा’ नावाची संगणकी बाई केली. माणूस जे बोले तेच ती उलटवून प्रश्नाच्या रूपाने विचारी. तिला कळत काहीच नसे. तरी त्याच्या स्वतःच्या सेक्रेटरीने एलिझाशी बोलताना त्याला खोलीबाहेर जावयास सांगितले. त्या गोष्टीने वायझेनबाऊम इतका अस्वस्थ झाला की पुढे या यंत्रांविरुद्ध सावधगिरीचा इशारा देत राहिला. आम्ही त्यातून उलटाही एक धडा घेतो. माणसाला जे माणसापुढे बोलवत नाही, ते तो यंत्रापुढे बोलतो. बोस्टन येथे टिमथी बिकमोर यांनी इस्पितळातून घरी जाणाऱ्या रुग्णांना औषधे समजावून सांगणारी पडद्यावरची परिचारिका केली. २००९ साली त्यांनी लिहिले की बऱ्याच रुग्णांना ती खऱ्या डॉक्टर-परिचारिकांपेक्षा पसंत पडली. कारण फार साधे आहे: तिला घाई नव्हती. एकच गोष्ट चारदा विचारली तरी ती कपाळाला आठी घालीत नव्हती. ज्याला वाचता येत नाही त्याला ‘वाचता येत नाही’ असे कबूल करावे लागत नव्हते. ब्रिटनमधील आर्थ्रायटिस रिसर्च यूके या संस्थेनेही २०१७ च्या सुमारास सांधेदुखीच्या रुग्णांसाठी असा मदतनीस तयार करविला.

आपल्याकडे या कामाची पूर्वपीठिका आहे. २००८ साली स्थापन झालेली मुंबईची आरम्मान ही संस्था गरोदर स्त्रियांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या सोयीच्या वेळी फोन करून आवाजी संदेश ऐकविते: या महिन्यात हे खा, हे लक्षण दिसले तर दवाखान्यात जा. साधा फोन पुरतो, वाचता येण्याची गरज नाही. केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ हा प्रकल्प सुरू केला, त्यामुळे मराठीत बोललेले यंत्रास कळणे आणि यंत्राने मराठीत बोलणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. म्हणजे साहित्य जमले आहे. सांधेदुखीसाठी ते कोण लावणार, आणि कसे लावणार, एवढाच प्रश्न आहे.

आम्ही स्वतः प्रयोग करून पाहिला. युनियनच्या कचेरीत एका मुलाने फोन आणला आणि आम्ही चौघे-पाचजण त्या बाईची परीक्षा घेत बसलो. आम्ही विचारले, “सकाळी बोटे आखडतात, तासभर सुटत नाहीत, काय करू?” उत्तर चांगले आले. सूज आहे का, दोन्ही हातांना आहे का, असे विचारून तिने डॉक्टरकडे जावयास सांगितले. मग आमच्यातील एक म्हातारा आपल्या बोलीत म्हणाला, “हातपाय धरलेत.” बाईने विचारले, कोणी धरले आहेत? कचेरी हसून लोळली. पण ती हसण्याची गोष्ट नव्हे. पुस्तकी मराठी बोलणाऱ्यास उत्तर मिळते आणि ‘अंग धरलंय’ म्हणणाऱ्यास मिळत नाही, असे झाले तर ज्याला गरज अधिक त्यालाच यंत्र बहिरे ठरते. आमच्या सुधागडात कातकरी आहेत, ठाकूर आहेत. पावसाळा सरला की त्यांतले कित्येक वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्या बोलीतील ठणका, कळ, ओढ, मुरड हे शब्द कोणी त्या यंत्रास शिकवले आहेत?

पुढे विचारले, “लावणीला जाऊ का?” ती गाण्याच्या लावणीबद्दल बोलू लागली. भाताची म्हणून सांगितल्यावर तिने विश्रांती घ्या, पोहावयास जा, बुटक्या खुर्चीवर बसू नका, असा उपदेश केला. चिखलात वाकून दिवसभर रोप लावणे म्हणजे काय, हे तिला कोणी सांगितलेलेच नाही. तीच गत उकिडवे बसण्याची, चुलीपुढच्या पाटाची, डोक्यावरच्या हंड्याची. परदेशी पुस्तकांतून शिकलेला मदतनीस आपल्या घरात येतो तेव्हा त्याला आपले घर दिसत नाही. सल्ला चुकीचा नसतो, निरुपयोगी असतो. ‘अर्धा तास लावा, मग उठून पाय मोकळे करा, संध्याकाळी मांडीचे स्नायू ताठ करण्याचा हा व्यायाम दहा वेळा करा’, असे सांगणारा कोणी हवा.

आणखी एक दोष अधिक वाईट. उन्हेऱ्याच्या पाण्याने हा रोग बरा होतो ना, असे आम्ही जरा लाडीगोडीने विचारले. बाईने आमचे मन राखले! दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न सरळ विचारला तेव्हा खरे उत्तर दिले. ही यंत्रे शब्दामागे शब्द जुळवून बोलतात. ठाऊक नसले तरी थांबत नाहीत आणि खोटेही तितक्याच ठामपणे सांगतात. वहिनीच्या गोळीच्या बाबतीत असे झाले तर? म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की औषधाच्या प्रश्नांना यंत्राने मनाने उत्तर देऊ नये. मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड, गरोदरपण, ताप, रक्ताची तपासणी या गोष्टींची उत्तरे संधिवाताच्या डॉक्टरांनी मराठीत लिहून, तपासून ठेवावीत आणि बाईने ती फक्त वाचून दाखवावीत. बाकी गप्पा तिने हव्या तशा माराव्यात.

यापेक्षाही एक निकडीची गोष्ट आहे. वहिनीजवळ असली बाई असती तरी तिने ‘रोज घेऊ की आठवड्याने?’ असे विचारले असते का? नसते. रोज घ्यावयाची याविषयी तिला शंकाच नव्हती. ज्याला शंका नाही तो विचारीत नाही, आणि विचारल्यावाचून यंत्र बोलत नाही. तेव्हा यंत्रानेच आधी विचारले पाहिजे. गोळी सुरू झाली त्या दिवसापासून दर आठवड्यास एक फोन यावा: “आज तुमचा वार. गोळी घेतली का? आता पुढच्या याच वारापर्यंत घ्यावयाची नाही. तोंडात फोड आहेत का? ताप आहे का?” उत्तर होय आले की फोन खऱ्या माणसाकडे जावा. वार कोणता ठरवावा? आम्ही तर रविवार सुचवू. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळविली. त्या दिवशी नवरा घरी असतो, मुले घरी असतात. गोळी घेतली की नाही ते चार डोळे पाहतात. अर्थात डॉक्टरांनी दुसरा वार नेमून दिला असेल तर तोच पाळावा.

शिक्षण म्हणजे माहिती, असे समजणारे लोक पुष्कळ आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील परिचारिका केट लोरिग यांनी १९७९ च्या सुमारास सांधेदुखीच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचे वर्ग सुरू केले. शिकविणारे डॉक्टर नव्हते. साधी माणसे होती, त्यांतील कित्येक स्वतः रुग्ण. १९९३ साली त्यांनी चार वर्षांनंतरचा हिशेब मांडला: दुखणे सरासरी २० टक्क्यांनी कमी, डॉक्टरकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी कमी. आणि शोध घेता असे दिसले की कोणी व्यायाम किती केला यापेक्षा ‘मला यातले काही आवरता येते’ हा भरवसा किती वाढला, याच्याशी गुणाचा संबंध अधिक होता. हे वाचताना आम्ही पुस्तक खाली ठेवले. संघटनेचे सारे तंत्र हेच आहे. एकटा कामगार मालकापुढे गप्प असतो. दहाजण बसून बोलले की त्याला कळते की दोष आपल्या नशिबाचा नाही. तेव्हा फोनातली बाई घरोघर एकेकट्या रुग्णाच्या कानाशी लागण्यापेक्षा, महिन्यातून एकदा आठ-दहा रुग्ण एकत्र बसावेत आणि फोन मध्ये ठेवावा, हे आम्हांस अधिक पटते. एकाने विचारावे, सर्वांनी ऐकावे, उत्तर पटले नाही तर भांडावे.

आता काही रोखठोक. असला मदतनीस आला की वरचे साहेब म्हणतील, डॉक्टरची जागा भरण्याची घाई काय, फोन आहे ना. याला आमचा विरोध आहे. पालीच्या माणसाला संधिवाताच्या तज्ज्ञासाठी पनवेल, मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. तो प्रवास फोनने वाचत असेल तर वाचवावा, पण त्या नावाखाली तज्ज्ञाची महिन्याची एक भेटही बुडवू नये. तसेच हे काम आशाताईंच्या डोक्यावर मोबदल्यावाचून टाकू नये. त्यांच्या डोक्यावर आधीच किती कामे आहेत ती त्यांनाच विचारा.

आणि गुप्ततेचे काय? कंत्राटी कामगार रात्री फोनला सांगतो की बोटे वळत नाहीत, पाना धरवत नाही. ती गोष्ट कोठे साठते? यंत्र मालकाच्या किंवा त्याच्या विमा कंपनीच्या पैशाने चालत असेल तर पुढच्या कंत्राटाच्या वेळी त्याचे नाव यादीत राहील का? संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण कायदा झाला म्हणजे कामगार वाचला असे होत नाही, हे आम्ही अनुभवाने जाणतो. आमच्या सभासदांना आमचे सांगणे आहे की कंपनीने दिलेल्या फोनवर दुखणे बोलू नका. सामान्य प्रश्न विचारा, नाव-गाव-खाते देऊ नका.

पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची सुरुवात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली केली. तेव्हापासून महाराष्ट्रात उन्हाळा आला की एकाने बोलावे आणि शेकडोंनी ऐकावे, ही चाल पडली. आम्हीही तिच्यावरच वाढलो. शाळा लवकर सुटली, व्याख्याने सुटली नाहीत. पण व्याख्यानात श्रोत्याला दुसरा प्रश्न विचारता येत नाही, आणि आजचा विषयच दुसऱ्या प्रश्नाचा आहे. म्हणून चालकांच्या परवानगीने आम्ही एक व्यवस्था केली आहे. ज्यांच्या घरी सांध्यांचे दुखणे आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर थोडे थांबावे. दोन फोन ठेवले आहेत. आपले दुखणे आपल्या घरात जसे बोलता त्याच शब्दांत त्या बाईला विचारावे आणि तिला कोणता शब्द कळला नाही, कोणते उत्तर कुचकामाचे निघाले, ते कागदावर लिहावे. लिहिता येत नसेल त्यांच्यासाठी शाळेतली चार मुले बसली आहेत. स्वतःचे नाव लिहू नये. जमलेले कागद आम्ही संधिवाताच्या डॉक्टरांपुढे आणि अशी यंत्रे करणाऱ्यांपुढे नेऊन ठेवणार आहोत.

आमच्या वहिनी आज येथे आल्या आहेत. पहिला प्रश्न त्याच विचारणार आहेत; तो कोणता, हे आम्हांसही त्यांनी सांगितलेले नाही. कागद दाराजवळच्या टेबलावर आहेत. पेन्सिली मात्र दहाच मिळाल्या, त्या आळीपाळीने घ्याव्यात.